साताऱ्याच्या गल्लीबोळांतल्या वायफायचा नकाशा: जुन्या छोट्या लॅपटॉपवर, पहिल्यापासून

शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत संध्याकाळचे सात वाजले की इंटरनेट रांगायला लागायचं. राऊटर बदलून झाला, हॉलमधून उचलून जिन्यापाशी ठेवून झाला, फरक पडेना. मग एका रविवारी दहा इंची जुना लॅपटॉप सॅकमध्ये टाकून गल्लीत चार फेऱ्या मारल्या, घरी येऊन नकाशा उघडला आणि दुखणं दिसलं. शेजारपाजारचे बहुतेक राऊटर चॅनल ६ वर (चॅनल म्हणजे रेडिओच्या स्टेशनासारखी वायफायची ठरावीक जागा) दाटीवाटीनं बसले होते, आमचा त्यांना चिकटून चॅनल ४ वर, आणि चॅनल ११ जवळजवळ रिकामा पडला होता. राऊटरच्या सेटिंगमध्ये एक आकडा बदलला. त्याच संध्याकाळी फरक कळला.

तेव्हापासून हा नाद लागला तो लागलाच. साताऱ्यात किंवा आसपास ज्यांना हे करून बघायचंय, पण लिनक्स म्हटलं की पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून लिहितोय. एक शनिवार तयारीला आणि रविवारची सकाळ फेरीला, एवढा वेळ हाताशी ठेवा.

या छंदाला जगभर वॉरड्रायव्हिंग म्हणतात. शब्द ऐकून लोक दचकतात, पण त्याचा युद्धाशी काही संबंध नाही. पूर्वी मोडेम शोधण्यासाठी एकामागून एक फोन नंबर फिरवण्याला वॉरडायलिंग म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं. मी आपलं 'वायफायचा नकाशा करतो' असंच सांगतो.

आधी दवंडी आणि कडी यांतला फरक

प्रत्येक राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत दवंडी पिटत असतो: माझं नाव अमुक, मी अमुक चॅनलवर आहे, माझ्याकडे अमुक प्रकारचं कुलूप आहे. या दवंडीला बीकन म्हणतात. तुमच्या फोनवर वायफायची यादी दिसते ती यातूनच. आपण करायचं एवढंच, की रस्त्यानं जाताना या दवंड्या ऐकायच्या आणि कुठे उभं असताना ऐकू आल्या ते जीपीएसवरून टिपून ठेवायचं.

दवंडी ऐकणं वेगळं आणि दाराची कडी वाजवून बघणं वेगळं. दुसऱ्याच्या नेटवर्कला परवानगीशिवाय जोडून घेणं, पासवर्ड टाकून बघणं, कुलूप नसलेल्या नेटवर्कवर 'जरा पाच मिनिटं' नेट वापरणं, यातलं काहीही या छंदात बसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बेइमानीनं केलेल्या विनापरवानगी प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ज्या गल्लीतून आपण रोज जातो तिथल्या माणसांचा विश्वास गमावून नकाशा करायचा कशाला?

दुसरी मर्यादा जास्त नाजूक आहे. दवंडीशिवाय हवेत लोकांचा प्रत्यक्ष डेटाही फिरत असतो आणि चुकीच्या सेटिंगमुळे तो आपल्या फाइलमध्ये येऊन पडू शकतो. गुगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. राऊटरांच्या नोंदी घेता घेता त्यांनी कुलूप नसलेल्या नेटवर्कांवरचा लोकांचा मजकूरही साठवला, आणि २०१० मध्ये कंपनीला ते जाहीरपणे कबूल करावं लागलं. आपण ते सुरुवातीपासूनच बंद ठेवणार आहोत. कसं, ते पुढे येईल.

सामान

लॅपटॉप नवा घेऊ नका. २००७ मध्ये आसूसचा ई पीसी आला आणि पुढची तीन-चार वर्षं दहा इंची नेटबुकांची लाट होती. त्यातलं एखादं अजूनही कुणाच्या तरी माळ्यावर असतंच. ते हलकं असतं, सॅकमध्ये सहज मावतं, वीज कमी खातं, आणि पडलं झडलं तरी जीव जळत नाही. प्रोसेसर तेवढा बघून घ्या. ॲटम एन२७० असेल तर तो ३२ बिटी आहे, त्याला डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची १२ वी आवृत्ती चालते, १३ वीपासून ३२ बिटी यंत्रांवर ती बसवता येत नाही. ॲटम एन४५० किंवा नंतरचा असेल तर ही अडचण नाही. रॅम दोन जीबी करून घ्या.

त्यातली फिरणारी हार्ड डिस्क मात्र काढा आणि साधी एसएसडी बसवा. आपल्याकडच्या रस्त्यांवर, विशेषतः पावसाळ्यानंतर, स्कूटरवर ठेवलेल्या चालू हार्ड डिस्कचे जे हाल होतात ते मी एकदा पाहिलेत. त्या दिवशी गेलेल्या नोंदी परत मिळाल्या नाहीत.

वायफाय कार्डाला 'मॉनिटर मोड' यायला हवा, म्हणजे कुठल्याही नेटवर्कला न जोडता नुसतं ऐकत बसता यायला हवं. पुष्कळ जुन्या नेटबुकांत अथेरॉस कंपनीचं एआर९२८५ कार्ड असतं, त्याला हा मोड उत्तम येतो. तेव्हा आधी आतलं कार्ड तपासा, बाहेरचं नंतर घ्या. बाहेरचं घ्यायचंच झालं तर दुकानात एक घोटाळा हमखास होतो. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलची शिफारस सगळीकडे वाचायला मिळते, पण ती पहिल्या आवृत्तीसाठी आहे. त्यात अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली, बाहेरचं रूप मात्र तेच राहिलं. खोक्यावरचा आवृत्तीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. वायफायचे मुख्य पट्टे दोन, २.४ आणि पाच गिगाहर्ट्झ. पाचचा पट्टासुद्धा ऐकायचा असेल तर मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चिपचं कार्ड बघा.

तिसरी वस्तू यूएसबीवरचा जीपीएस. यू-ब्लॉक्स ७ चिपचा, अंगठ्याएवढा मिळतो, तेवढा पुरे. सोबत एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या. लोक या केबलकडे दुर्लक्ष करतात, पण यूएसबी ३ च्या पोर्टातून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच पडतो. कार्ड आणि जीपीएस लॅपटॉपपासून हातभर दूर ठेवले की दोघांनाही नीट ऐकू येतं.

लिनक्सच्या वाटेला जाण्याआधी हात साफ करायचा असेल तर अँड्रॉइड फोनवर विगलचं (लोकांनी मिळून केलेल्या वायफायच्या जागतिक नकाशाचं) ॲप टाकून एक फेरी मारा. अँड्रॉइड ९ पासून फोन दोन मिनिटांत चारच वेळा वायफाय शोधू देतो. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर पर्यायांत जाऊन ही अडवणूक बंद करता येते. फोनवर जमतं मग लॅपटॉप कशाला, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच: फोन मधूनमधून कान देतो, लॅपटॉप सलग ऐकतो.

शनिवार: बसवाबसवी

लॅपटॉपवर डेबियन बसवा, प्रोसेसर ३२ बिटी नसेल तर हलकी लुबुंटूही (लिनक्सचाच दुसरा प्रकार) चालेल. मग किस्मेट हा दवंड्या ऐकून टिपणारा प्रोग्रॅम टाका. डेबियन-लुबुंटूसोबत येणारी किस्मेटची प्रत जुनी असू शकते, म्हणून किस्मेटच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेल्या भांडारातून घ्या. कोणत्या आज्ञा टाइप करायच्या ते तिथे क्रमानं दिलेलं आहे, तिथूनच उतरवून घ्या. बसवताना तो विचारतो की साध्या वापरकर्त्याला ऐकण्याची परवानगी द्यायची का. 'हो' म्हणा आणि तुमचं नाव किस्मेटच्या गटात घाला. नंतर एकदा लॉग आउट करून परत आत या. ही पायरी विसरली की 'परवानगी नाही' एवढाच निरोप येतो आणि नवखा माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

जीपीएससाठी जीपीएसडी हा छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याच्या जोडीला सीजीपीएस नावाचं बघण्याचं साधनही बसवा. जीपीएस गच्चीवर किंवा खिडकीत ठेवा आणि सीजीपीएसमध्ये '३डी फिक्स', म्हणजे जागा पक्की सापडल्याची खूण, दिसेपर्यंत थांबा. त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. चिपच्या कागदावर तीसेक सेकंद लिहिलेली असतात, पण आजूबाजूला इमारती असल्या की पाच-सात मिनिटंही जातात. धीर धरा. सातारा साधारण १७.६८ उत्तर अक्षांश आणि ७४.०० पूर्व रेखांशावर आहे, पडद्यावर त्याच्या आसपासचे आकडे दिसायला हवेत. मग किस्मेटच्या सेटिंग फाइलमध्ये जीपीएसच्या ओळीत जीपीएसडीचं नाव आणि पोर्ट २९४७ लिहा.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. किस्मेट सुरू करताना त्याच्या 'वॉरड्राइव्ह' या तयार सेटिंगसह सुरू करा. त्यात तो फक्त राऊटरांच्या नोंदी ठेवतो. लोकांचे फोन, लॅपटॉप, हवेतला मजकूर यातलं काही साठवत नाही, आणि फाइल थेट विगलच्या सीएसव्ही प्रकारात, म्हणजे रकान्यांच्या साध्या मजकुरात, लिहितो. जुन्या यंत्राच्या मेमरीवरचा ताणही त्यामुळे उतरतो. माझ्या मते नवख्यानं दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं सुरुवात करूच नये.

किस्मेट चालू झाला की त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा पोर्ट २५०१ (localhost:2501) उघडा. पहिल्यांदा तो नाव आणि पासवर्ड ठरवायला सांगतो. 'डेटा सोर्स'मध्ये तुमचं वायफाय कार्ड निवडलंत की यादी भरायला लागते. त्या कार्डावर आता इंटरनेट चालणार नाही, ते ऐकण्यात गुंतलेलं असतं.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करा, नाहीतर सॅकमध्ये टाकल्याक्षणी काम थांबेल. आणि घड्याळ बघा. जुन्या नेटबुकातला मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, त्यामुळे दर वेळी तारीख मागे जाते. माझ्या पहिल्या पाच फेऱ्यांच्या फाइलींवर एकच जुनाट तारीख पडली होती आणि कोणती फेरी कधीची ते आजही मला सांगता येत नाही. सेल बदला.

रविवार: फेरी

पहिल्या फेरीला राजवाड्यापासून सुरुवात करा. मोती चौकातून राजपथानं, म्हणजे वरच्या रस्त्यानं, कमानी हौदावरून पोवई नाक्यापर्यंत या आणि परतताना कर्मवीर पथानं, खालच्या रस्त्यानं जा. दोन्ही रस्ते अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जवळजवळ समांतर जातात. त्यामुळे तेच नेटवर्क दोन बाजूंनी ऐकू येतं आणि त्याची जागा जास्त खरी ठरते.

चालत जा. हे मी हट्टानं सांगतो, आणि कारण साध्या हिशोबात आहे. कार्ड एका वेळी एकाच चॅनलवर ऐकू शकतं. किस्मेट त्याला सेकंदाला पाच चॅनलांवर उड्या मारायला लावतो. २.४ गिगाहर्ट्झवर आपल्याकडे १३ चॅनल आहेत, म्हणजे एक फेरा व्हायला अडीच सेकंदांहून थोडा जास्त वेळ. स्कूटरवर ताशी ४० च्या वेगानं तुम्ही तेवढ्या वेळात जवळजवळ तीस मीटर पुढे गेलेले असता, चार-पाच दुकानं मागे पडलेली असतात. ताशी पाचच्या चालीनं चार मीटरसुद्धा होत नाहीत. पाच गिगाहर्ट्झचे चॅनल जोडले की फेरा आणखी लांबतो. गाडीनं नकाशा मोठा होतो, पायी खरा होतो.

वेळेचाही विचार करा. सकाळी सहाला राजपथ मोकळा असतो, पण दुकानदार रात्री मेन स्विच बंद करून जातात आणि त्यासोबत त्यांचे राऊटरही गप्प होतात. त्यामुळे सकाळी घरं ऐकू येतात आणि संध्याकाळी घरं आणि दुकानं दोन्ही. एकच रस्ता दोन्ही वेळा चालून बघा. त्या दोन नकाशांतला फरक बघताना मला बाजारपेठ श्वास घेताना दिसल्यासारखं वाटलं होतं.

पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरमध्ये उतरू नका, वरूनच जा. खाली आकाश झाकलं जातं आणि जीपीएसची जागा भरकटते. समर्थ मंदिरापुढच्या बोगद्यातही तेच होतं. आणि पहिल्या महिन्यात चार भिंती या डोंगरावरच्या स्मारकाकडे किंवा अजिंक्यतारा किल्ल्यावर लॅपटॉप चालू ठेवून जाऊ नका. वर गेलं की मध्ये भिंतच उरत नाही, खालच्या पेठांतले राऊटर क्षीण का होईना ऐकू येतात, आणि नकाशावर ते सगळे डोंगराच्या उतारावर जाऊन बसतात. वरून सातारा बघायला जरूर जा, लॅपटॉप बंद ठेवून.

कुणीतरी विचारणारच. मंगळवार तळ्याजवळ एका ओट्यावर बसून मी जीपीएसची वाट बघत होतो, तेव्हा घरातून एक आजोबा बाहेर आले.

"काय रं पोरा, कसली मोजणी चाललीय? रस्ता रुंद करणार हायत का?"

"नाही आजोबा, वायफाय कुठं कुठं ऐकू येतं त्याचा नकाशा करतोय. छंद आहे."

"आमचं बी येतंय का त्यात?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. यादीत नातवाच्या नावाचं नेटवर्क होतं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "नाव तेवढं कुणाला दावू नगंस." मी तिथेच कबूल केलं. तेव्हापासून कुणालाही नकाशा दाखवताना मी नावाचा रकाना काढून टाकतो. लोक नेटवर्कला मुलांची नावं देतात, आडनाव देतात, फ्लॅट नंबर देतात, काही जण तर मोबाइल नंबरही घालतात.

कुणी विचारलं की पडदा दाखवा, खरं सांगा. कुणाला नको असेल तर पुढे चला. शाळा, दवाखाने, पोलिस वसाहत, सैनिक स्कूल यांच्यासमोर रेंगाळू नका.

घरी आल्यावर: नकाशा

फाइलची आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत करा. मग क्यूजीआयएस हा नकाशे करण्याचा मोफत प्रोग्रॅम घ्या. नेटबुकवर तो दमतो, म्हणून घरच्या मोठ्या संगणकावर चालवा. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा तळाशी लावा आणि त्यावर सीएसव्ही फाइल 'डिलिमिटेड टेक्स्ट' म्हणून जोडा. विगलच्या फाइलची पहिली ओळ प्रोग्रॅमची माहिती देते, रकान्यांची नावं दुसऱ्या ओळीत असतात. म्हणून वरची एक ओळ वगळायला सांगा. एक्स म्हणून रेखांश, वाय म्हणून अक्षांश. हे उलटं झालं तर सातारा नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडतो. बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात पडले असतील तर ते शून्य-शून्यवर आहेत, म्हणजे जीपीएसला फिक्सच नव्हता.

आता वाचायचं कसं? फाइलमधली जागा तुमची आहे, राऊटरची नव्हे. ही गोष्ट मनावर कोरून घ्या. तुम्ही रस्त्यावर होता म्हणून सगळे बिंदू रस्त्यावर पडतात. राऊटर कुठे असेल याचा अंदाज सिग्नलच्या ताकदीवरून येतो. ती डीबीएममध्ये, ऋण आकड्यांत असते. उणे ३० म्हणजे हाताशी, उणे ६५ च्या आसपास म्हणजे नीट चालेल, उणे ८५ म्हणजे जेमतेम कानावर आलं. दर १० डीबीला ताकद दसपट बदलते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, पण जुन्या वाड्याची दगडी भिंत मध्ये आली की हा हिशोब कोलमडतो. म्हणून एकाच नेटवर्कच्या अनेक नोंदींतून सर्वांत ठळक नोंद घ्या, आणि उणे ८५ च्या खालच्या नोंदी पहिल्या नकाशातून गाळा.

मग बिंदूंना चॅनलप्रमाणे रंग द्या. मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत आवडणारी पायरी हीच. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झ अंतरानं बसवलेत, पण एकेका राऊटरला जागा लागते सुमारे वीस मेगाहर्ट्झ. म्हणूनच १, ६ आणि ११ हे तीन एकमेकांच्या अंगावर न पडता नांदू शकतात. एकाच चॅनलवरचे राऊटर एकमेकांची दवंडी समजू शकतात आणि पाळीपाळीनं बोलतात. गर्दी असली तरी शिस्त असते. पण कुणी मधल्या चॅनल ३ वर बसलं की त्याचं बोलणं १ आणि ६ दोघांनाही नुसता कलकलाट म्हणून ऐकू येतं, आणि तिघांचंही काम बिघडतं. आमचा चॅनल ४ वरचा राऊटर हाच त्रास सहन करत होता, आणि इतरांना देतही होता. हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याविना मोकळा आहे, म्हणून सगळे तिथेच दाटलेत. पाच गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला, तिथे अजून ऐसपैस जागा आहे. तुमचा राऊटर दोन्ही पट्ट्यांचा असेल तर टीव्ही आणि लॅपटॉप तिकडे हलवा.

कुलुपाचा रकानाही बघा. तिथे डब्ल्यूईपी दिसलं तर ते कुलूप २००१ पासून तुटलेलं आहे असं समजा. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असायला हवं. असं जुनं कुलूप ओळखीच्या दुकानात दिसलं तर मी चहाच्या वेळी जाऊन शांतपणे सांगतो आणि म्हटलं तर बदलून देतो. अनोळखी ठिकाणी जाऊन 'तुमचं वायफाय उघडं आहे' असं सांगू नका. चांगल्या हेतूनं सांगितलं तरी माणूस घाबरतो.

शेवटी विगल. हा जागतिक नकाशा २००१ पासून चालू आहे आणि त्यात शंभर कोटींहून अधिक नेटवर्कांच्या नोंदी आहेत. तुमची सीएसव्ही फाइल तिथे जशीच्या तशी चढवता येते. चढवायची की नाही हा तुमचा निर्णय, मी बाजारपेठेच्या फेऱ्या चढवतो, राहत्या गल्ल्यांच्या नाही. स्वतःचं नेटवर्क अशा नकाशांत नको असेल तर नावाच्या शेवटी अंडरस्कोअर देऊन इंग्रजीत 'नोमॅप' लिहा. गुगल आणि विगल दोघंही ती खूण पाळतात. गावातल्या कुणाला नकाशा छापून द्यायचा असेल तर अक्षांश-रेखांश दशांशानंतर तीनच अंकांपर्यंत ठेवा. चौकट शंभरेक मीटरची होते, चॅनलची गर्दी कळते, कुणाचं घर कळत नाही.

पुढच्या रविवारी गोडोली किंवा सदर बझार घ्या, त्यानंतर करंजे. आणि राजवाडा ते पोवई नाका हीच पहिली फेरी दिवाळीनंतर, त्याच वेळी, त्याच चालीनं परत करा. पहिली फाइल तोवर जपून ठेवा.